ड्रॉइंग मास्तर आणि समोरचं वावर

आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी इटली पाहिली नव्हती. इटलीचं सोडा, त्यांनी अकोलासुद्धा दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा परीक्षेला बसायला. पण इटलीतल्या जुन्या हवेल्यांच्या बागांबद्दल ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस परवाच तिकडून सर्व्हिस मोटरमधून उतरला आहे. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, परदेशी जाऊन आलेलीही पाहिली. एवढ्या खात्रीनं बोलणारं दुसरं कोणी पाहिलं नाही, आणि त्या खात्रीची किंमत एवढ्या मुकाट्यानं चुकवणारंही नाही.

सदाशिव मास्तर त्यांचं नाव. वऱ्हाडातल्या मालेगावहून शिरपूर जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात आमची मिडल स्कूल होती. पन्नासच्या दशकात मी तिथे इंग्रजी आणि भूगोल शिकवायला लागले. वय चोवीस, तोंड फटकळ, आणि एकटी बाई खोली घेऊन राहते म्हणून सारं गाव माझ्याकडे टकामका बघणारं. दुसऱ्याच दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर एक उंच, सडपातळ माणूस एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठा माझ्या घराकडे रोखून उभा. मी म्हटलं, हा कोण वेडा.

"बाई, तुमचा रांजण तिथून हलवा," ते म्हणाले.

"काहून?"

"मधात येते."

"कशाच्या मधात?"

"हलवा तं खरं. मंग सांगतो."

मी चिडूनच रांजण हलवला. आणि काय सांगू, समोरचं दार, मधली खोली, मागचं दार, असं सगळं एका रेषेत येऊन मागच्या दाराच्या चौकटीत अख्खी टेकडी येऊन बसली. टेकडीच्या माथ्यावर एक एकटं निंबाचं झाड होतं, तेही नेमकं मधोमध. माझी दहा बाय बाराची खोली एकदम दोन कोस लांब झाली. मास्तरांनी डोळा उघडला, समाधानानं मान हलवली आणि निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

असा तो माणूस. गावात लग्न असलं की मास्तर मांडवाचा खांब हलवायला लावणार. कोणी ओटा बांधायला घेतला की तिथे जाऊन उभे, आणि एकच प्रश्न, "हे कुठं जाऊन संपते?" लोक वैतागायचे. "मास्तर, ओटा हाये, ओट्यापाशीच संपते," असं म्हणायचे. पण मास्तर सांगतील तसा ओटा हातभर सरकवायचे, कारण सरकवल्यावर तो खरंच बरा दिसायचा. स्वतःच्या नजरेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता आणि हळूहळू आम्हा सगळ्यांचाही त्यांच्या नजरेवर बसला. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

त्यांचं इटलीचं सगळं ज्ञान एका पुस्तकातलं होतं. वाशीमचा कोणी गोरा साहेब बंगला रिकामा करून गेला तेव्हा सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले. मास्तरांनी पुठ्ठा वाळवीनं खाल्लेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं, चित्रांसाठी. त्यांना इंग्रजी बेताचंच येत होतं. त्यामुळे चित्रं त्यांना पाठ, आणि चित्रांखालचा मजकूर बारा वर्षं कुलपात. मी शाळेत आल्यावर ते कुलूप माझ्या गळ्यात पडलं.

शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की आम्ही व्हरांड्यात बसायचो. मी डिक्शनरी घेऊन वाचायची, मराठीत सांगायची, आणि मास्तर चित्रावर बोट फिरवत ऐकायचे. फ्लॉरेन्सजवळच्या टेकड्यांवर, रोमच्या भोवती, श्रीमंत लोकांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी बांधलेल्या हवेल्या होत्या त्या. जागा नेहमी उतारावरची. हवेली वर, आणि खाली उतरत जाणारी एकाखाली एक अंगणं. घराच्या मधल्या दारातून एक रेघ निघते, ती पायऱ्यांनी बागेत उतरते, फाटकातून बाहेर पडते, द्राक्षांच्या आणि जैतुनाच्या मळ्यांतून जाते आणि समोरच्या डोंगरावर जाऊन थांबते. घराजवळचं सगळं कातरलेलं, रेखलेलं. जसजसं लांब जावं तसतशी झाडं सैल, मोकळी, आणि शेवटी रान कुठे सुरू झालं ते कळतच नाही. एका बागेत तर पाणी वरच्या रानातून निघून दोन बंगल्यांच्या मधून दगडी पन्हाळीनं खाली येतं, आणि खालचं फाटक उघडलं की थेट गावातली गल्ली.

"म्हंजे डोंगर काई त्या मालकाच्या बापाचा नव्हता," मास्तर म्हणाले.

"नसणारच."

"मळेबी सगळे त्याचे नसतीन. पन बाग अशी मांडली का समदं आपसूक आत आलं." मग बराच वेळ ते समोर बघत राहिले. "बाई, आपल्या शाळेचं दार कुठं पाह्यते, ध्यानात आलं का?"

आलं होतं. शाळा उंचवट्यावर होती. दारासमोर जमीन उतरत नाल्याला जायची. नाल्यापलीकडे सुकदेव नावाच्या शेतकऱ्याचं वावर, म्हणजे शेत, चढत चढत टेकडीला भिडायचं, आणि वर तेच निंबाचं झाड. इटलीतल्या त्या मालकांनी डोंगर शोधत हिंडून जी जागा निवडली असेल तशी जागा आमच्या जनपद सभेनं, म्हणजे तेव्हाच्या तालुक्याच्या बोर्डानं, दुसरं कोणी घेईना म्हणून, शाळेला दिली होती.

मास्तरांनी बाग करायला घेतली. आमच्या हेडमास्तरांना बाग हवीच होती, पण त्यांच्या मते बाग म्हणजे आधी भिंत. गुरं येतील, बकऱ्या येतील, लोक फुलं तोडतील. मास्तर म्हणाले, दोन्ही बाजूंनी काट्यांचं कुंपण घाला, समोर काही नको, समोर नाला आहे. हेडमास्तर म्हणाले, भिंतीशिवाय बाग कुठं असते का. त्यावर मास्तरांनी त्यांना खुर्चीसकट दारात बसवलं, दोन पोरांना समोर धोतर ताणून धरायला लावलं आणि विचारलं, "पाहा, काय दिसते?" हेडमास्तर म्हणाले, "धोतर." पोरांनी धोतर खाली केलं. "आता?" भिंतीचा विषय तिथेच बंद झाला.

दोन वर्षांत मास्तरांनी उताराला तीन सपाट्या काढल्या. वरच्या सपाटीवर मेंदीच्या कातरलेल्या वाफ्यांची नक्षी, मधल्या सपाटीवर मोगरा आणि गुलछडी, खालच्या सपाटीवर फक्त सीताफळ आणि बोरीची झाडं, मुद्दाम मोकळी सोडलेली. मधून विटांची सरळ वाट. नाल्यात त्यांनी दगडांचा बुटका बांध घातला. त्यामुळे खालच्या सपाटीला लागून पाण्याचं छोटं डबकं साचायचं, आणि सकाळी त्यात टेकडी उलटी दिसायची. हे सगळं मास्तरांनी मजुराबरोबर स्वतः खणून केलं. मी भूगोलाच्या तासाला मुलांना तिथे नेऊन नदी, धरण, पठार शिकवायची. अजूनही मला पठार म्हटलं की मास्तरांचा मोगरा आठवतो.

बाग झाली, पण मास्तर खूश नव्हते. त्यांना सुकदेवच्या वावराचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, खुपत होत्या.

सुकदेव पाच एकराचा धनी. बोलायला गोड, कामाला वाघ. त्याची बायको गिरजा कमी बोलायची, पण बोलली की पुरं बोलायची. त्यांच्या वावराला तास आडवे असायचे, टेकडीच्या उताराला आडवे, बापजाद्यांपासून. मास्तरांच्या दृष्टीनं ही फार मोठी अडचण. शाळेच्या दारातून निघालेली रेघ बागेतून उतरायची, नाला ओलांडायची आणि पलीकडे जाताच आडव्या तासांवर आपटून मरायची. "जिना चढता चढता कोनं पाय ओढावा, तसं वाटते," ते म्हणायचे. तास उभे असते, तर तीच रेघ हिरवी होऊन थेट निंबापर्यंत गेली असती.

हे त्यांनी सुकदेवला सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर सुकदेव हसला असता. पण मास्तरांचा त्याच्यावर एक उपकार होता. सुकदेवचा बाप वारला तेव्हा त्याचा एकही फोटो नव्हता. सुकदेवला त्याची फार खंत. मास्तर त्याच्या ओट्यावर तीन दिवस जाऊन बसले. नाक कसं होतं, फेटा कोणत्या बाजूनं बांधायचा, हसताना कोणता गाल आत जायचा, असं एकेक विचारत त्यांनी कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याचं चित्र काढलं. ते पाहून सुकदेवची आई पदर डोक्यावर घेऊन उठून उभी राहिली होती. त्या घरात त्या चित्राला रोज हळद-कुंकू लागायचं. आता अशा माणसाला सुकदेव नाही कसं म्हणणार?

"तुमी म्हनसान तं उभे पेरू मास्तर. एका सालानं काय होते."

गिरजा चुलीपाशी होती. तिथूनच ती म्हणाली, "माह्या सासऱ्यानं आडवेच पेरले. त्यानं काई उगाच पेरले नसतीन."

"गिरजाबाई, इटलीत उभे हायेत," मास्तर म्हणाले. "चारशे वर्सापासून हायेत. बाईले विचारा. बाई, सांगा त्याहिले."

मी मान डोलावली. चित्रात उभी रेघ होती खरीच, मी ती पाहिली होती. भूगोलाची बाई असून मला त्या क्षणी उतार म्हणजे काय हे आठवलं नाही. मास्तर इतक्या खात्रीनं बोलत होते की आठवायची गरजच वाटली नाही.

पेरणीच्या दिवशी सगळी शाळा व्हरांड्यात. मास्तर पायरीवर उभे, हातात लाल रुमाल. सुकदेव तिफन घेऊन नाल्याच्या काठावरून निघाला. त्याचे बैल वर्षानुवर्षं आडवे चाललेले, ते दहा पावलं सरळ चढायचे आणि आपोआप डावीकडे वळायचे. मास्तर लाल रुमाल हलवायचे, पोरं एकसुरात "उजवीकडं" ओरडायची, सुकदेव बैलांना शिव्या घालायचा आणि बैल आमच्या सगळ्यांकडे बघायचे. संध्याकाळपर्यंत पाचही एकर उभे पेरून झाले. सुकदेव घामानं निथळत शाळेच्या पायरीवर आला, मास्तरांच्या शेजारी बसून त्यानं आपल्या वावराकडे पाहिलं आणि म्हणाला, "लय मस्त दिसते बाप्पा." त्याला खरंच आवडलं होतं. आपलं वावर इतक्या लांबून, बसून, असं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

कपाशी वर आली तेव्हाचे ते पंधरा-वीस दिवस मी विसरणार नाही. विटांची वाट, पाणी, आणि पाण्यापलीकडून हिरव्या रेघा जवळजवळ येत निंबाच्या बुंध्याकडे चढलेल्या. शिरपूरला दर्शनाला जाणारे यात्रेकरू मोटर थांबवून बघायला उतरायचे. इन्स्पेक्टरसाहेब आले, दारात उभे राहिले, त्यांनी विचारलं, "शाळेची जागा कुठपर्यंत आहे?" मास्तर शांतपणे म्हणाले, "निंबापर्यंत." हेडमास्तरांना ठसका लागला. साहेब मात्र हसले, आणि जाताना सांगून गेले की नागपूरच्या मोठ्या साहेबांना ही बाग दाखवायला आणतो, बाकीच्या शाळांना नमुना म्हणून. हेडमास्तर त्या दिवसापासून मास्तरांना 'सदाशिवराव' म्हणायला लागले.

श्रावणात झड लागली. तीन दिवस, तीन रात्री. आमच्याकडची झड म्हणजे थांबायचं नावच नाही. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा मी शाळेत गेले. मास्तर आधीच दारात उभे होते. त्यांनी डोळा मिटला नव्हता, अंगठा धरला नव्हता. नुसते उभे होते.

सुकदेवच्या वावराचा वरचा अर्धा भाग पिवळा दिसत होता. प्रत्येक तासाचा पाट झाला होता. पाणी वरून निघालं ते कुठेही न अडता सरळ धावत खाली आलं, आणि येताना माती घेऊन आलं. वर नुसता मुरूम उघडा पडला होता, त्यात कपाशीची मुळं लोंबत होती. आणि ती सगळी काळी माती गेली कुठे? मास्तरांच्या बांधानं ती अडवली होती. पाण्याचं डबकं काठोकाठ गाळानं भरलं होतं, आणि नाला फुगून बाहेर आला तेव्हा त्यानं आमच्या खालच्या सपाटीवर मांडीएवढी जाड काळी माती आणून टाकली होती. सीताफळाची झाडं गळ्यापर्यंत बुडून उभी होती.

हेडमास्तर मागून आले आणि म्हणाले, "वा. आयती काळी माती. देवच देतो म्हणायचं." हा माणूस मूर्ख होता असं नाही, त्याला फक्त आपल्या कुंपणाच्या आतलंच दिसायचं.

गिरजा नाल्याच्या पलीकडे उभी होती. तिनं आरडाओरडा केला नाही. मास्तर खाली काठापर्यंत गेले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमच्या डोयाले बरं दिसावं म्हनून माहं वावर गेलं." मग तिनं पाठ फिरवली. त्यानंतर कित्येक आठवडे ती त्यांच्याशी बोलली नाही.

त्या शनिवारी मास्तर पुस्तक घेऊन आले. म्हणाले, "बाई, ते उभ्या रेघेचं चित्र काढा. अन् त्याच्याखालचं समदं वाचा. एक अक्षर सोडू नोका."

 मी सोडलं होतं. त्या चित्राखाली एक लांबलचक, किचकट परिच्छेद होता, शेतीच्या शब्दांनी भरलेला. डिक्शनरीत निम्मे शब्द सापडेनात, म्हणून मी तो गाळून पुढे गेले होते आणि मास्तरांना सांगितलंही नव्हतं. आता बसून, शब्द शब्द फोडून वाचला. त्यात लिहिलं होतं की उभी जाते ती फक्त वाट, आणि ती दगडी आहे, तिच्या दोन्ही कडांना पाणी वाहून न्यायला गटारं आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंचे मळे मात्र आडव्या पायऱ्यांचे. प्रत्येक पायरीला दगडाचा ताल, म्हणजे माती धरून ठेवणारी बुटकी भिंत, आणि शेतकरी दर हिवाळ्यात पडलेले दगड पुन्हा रचतात, पावसानं खाली आलेली माती टोपल्यांनी पुन्हा वर नेतात. ते नेतात म्हणूनच तो डोंगर बागेतून तसा दिसतो.

मास्तरांनी खिशातून भिंग काढलं आणि चित्र पाहिलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या बारीक आडव्या रेघा होत्या. इतकी वर्षं त्या तिथेच होत्या.

मी रडायला लागले. म्हटलं, "मास्तर, चूक माझी आहे. मी वाचलंच नव्हतं."

"तुमी वाचलं नाई, अन् म्या पाह्यलं नाई," ते म्हणाले. "मी ड्राइंगचा मास्तर होय. चित्र पाह्याले मले इंग्रजी कायले पाह्यजे होती?" मग भिंग खिशात ठेवून म्हणाले, "माती टोपल्यानं वर नेतेत, असंच लिवलं हाये ना? बरोबर वाचलं ना बाई?"

"बरोबर वाचलं."

सोमवारी शाळा भरायच्या आधी मास्तर फावडं आणि टोपलं घेऊन खालच्या सपाटीवर उतरले. नाल्यात चिखल होता, बैलगाडी उतरत नव्हती. म्हणून डोक्यावर. टोपलं भरायचं, नाल्यावरचे दगड ओलांडायचे, उतार चढायचा, मुरमावर माती ओतायची, परत यायचं. शाळेआधी दोन तास, शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत. सुकदेव धावत आला. "मास्तर, राहू द्या. पान्याचं काय कोनाच्या हाती राह्यते का?" मास्तर म्हणाले, "पानी नसन माह्या हाती. तास होते." सुकदेव कळवळला आणि स्वतःही टोपलं घेऊन लागला. गिरजा तेवढी आली नाही. ती नवऱ्याला म्हणाली होती म्हणे, ज्यानं नेली त्यानंच आनावी. मला ते ऐकून राग आला नाही. तिचं चुकत नव्हतं.

मीही आठ दिवस टोपली वाहिली. नवव्या दिवशी मान धरली आणि मी आडवी झाले. मास्तर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते, ते थांबले नाहीत.

भाद्रपदाच्या शेवटी पत्र आलं. नागपूरचे मोठे साहेब पंधरा दिवसांनी बाग बघायला येणार. हेडमास्तर पत्र घेऊन धावतच खाली आले. तोवर खालची सपाटी अर्धी उकरली गेली होती, मधल्या सपाटीचा मोगरा फावड्याखाली गेला होता, कारण पुराची माती तिथवर पसरली होती. बाग म्हणजे नुसता खड्डा झाला होता.

"सदाशिवराव, आता बस करा. पंधरा दिवस थांबा. साहेब येऊन गेले की मग न्या तुमची माती, मी स्वतः पोरं देतो."

"पंध्रा दिवसानं जमिनीचा वाफसा निघून जाईन," मास्तर म्हणाले. "आत्ता माती पडली तं हरभरा पेरता येते. मंग नाई."

"अहो, सगळ्या जिल्ह्यात तुमचं नाव होईल. इतकी वर्षं तुम्ही ह्याचाच ध्यास घेतला ना?"

मास्तरांनी वर शाळेच्या दाराकडे पाहिलं. मी वर पायरीवर होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना ती बाग हवी होती. मोठ्या साहेबानं दारात उभं राहून समोर बघावं, हे त्यांना फार फार हवं होतं. ते काही संत नव्हते. मग त्यांनी टोपलं उचललं आणि म्हणाले, "हेडमास्तर, बाजूला सरका. तुमी वाटेत उभे हाय."

साहेब ठरल्या दिवशी आले. हेडमास्तरांनी वरच्या सपाटीवर पताका लावल्या, मेंदी कातरून घेतली आणि साहेबांना तिथेच गुंतवून ठेवायचा प्रयत्न केला. पण ती जागाच अशी होती की दारात आलेला माणूस समोर बघणारच. साहेबांनी पाहिलं. खाली खणलेला राडा, त्याच्या पलीकडे पिवळं-काळं ठिगळाचं वावर, आणि त्यात उताराला आडवे दगड रचणारे दोघं जण.

"ते कोण आहेत?"

"शेतकरी असतील कोणी," हेडमास्तर म्हणाले.

मला राहवेना. मी म्हटलं, "त्यातले एक आमचे ड्रॉइंग मास्तर आहेत. ही बाग त्यांनीच केली. तिच्यापायी त्या शेतकऱ्याची माती वाहून आली, ती ते परत नेऊन देताहेत. पुस्तकातला एक परिच्छेद मी वाचायचा टाळला, त्यामुळे हे झालं." हेडमास्तर माझ्याकडे असे बघत होते की डोळ्यांनी बोलता आलं असतं तर माझी बदली तिथेच झाली असती. साहेबांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन शेरेबुकात लिहिलं: बाग अपूर्ण आहे. आणि चहा घेऊन निघून गेले.

संध्याकाळी मी मास्तरांना तो शेरा सांगितला. ते म्हणाले, "बरोबर लिवलं. अजून निंबाखालचे चार ताल बाकी हायेत." आणि जेवायला गेले.

माझी बदली खरंच झाली. दसऱ्यानंतर हुकूम आला, अनसिंगच्या शाळेत हजर व्हा. मास्तर निरोप द्यायला येणार नाहीत हे मला ठाऊक होतं, पेरणी तोंडावर होती आणि वरची एक पट्टी अजून भरायची राहिली होती. सकाळची पहिली मोटर. गाव सोडलं की रस्ता टेकडीला वळसा घालतो, आणि सुकदेवच्या वावराच्या वरच्या धुऱ्याजवळून, म्हणजे कडेच्या बांधाजवळून, जातो. तिथे एक म्हातारी चढायची होती म्हणून ड्रायव्हरनं मोटर थांबवली.

मी त्या बाजूनं ते सगळं कधी पाहिलं नव्हतं. वरून बघताना वावर मोठं दिसत होतं, आडव्या दगडी तालांनी पायऱ्या पडलेलं, काळं, ओलं. त्याच्या तळाशी नाला, आणि नाल्यापलीकडे मास्तरांची बाग, एवढीशी, जणू त्या वावराचाच खालचा शेवटचा तुकडा. सुकदेव लांब बैल जुंपत होता. जवळच मातीच्या ढिगापाशी मास्तर उभे होते. दोन महिने ते नुसत्या टॉवेलाची घडी करून डोक्यावर टोपली वाहत होते, त्यांच्या टाळूवरचे केस घासून गेले होते. आणि त्यांच्यासमोर गिरजा उभी होती. तिचंही टोपलं भरून खाली ठेवलेलं होतं.

ती काय म्हणाली ते मला मोटरच्या आवाजात ऐकू आलं नाही. तिनं आपल्या डोक्यावरची कापडाची चुंबळ काढली. मास्तर नको म्हणाले असावेत, कारण तिनं हातानंच त्यांना खाली वाकायला लावलं, टॉवेल काढून बाजूला टाकला आणि ती चुंबळ त्यांच्या डोक्यावर नीट दाबून बसवली. वर टोपलं ठेवलं. मास्तर चढाला लागले. मग तिनं स्वतःच्या पदराची घडी करून डोक्यावर घेतली, आपलं टोपलं उचललं आणि त्यांच्या मागून चालू लागली.